एक दिवा बदलायचा होता

मला फक्त एक दिवा बदलायचा होता. हे वाक्य मी आतापर्यंत नगरपालिकेतल्या एका साहेबांना, एका निरीक्षकाला, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना आणि हेल्पलाइनवरच्या एका अत्यंत गोड आवाजाला ऐकवलं आहे. कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो, म्हणजे खरं सांगायचं तर नाकारतो, आणि 'साहेब, मी फक्त गाडी मागे घेत होतो' असं सांगणारी माणसं रोज माझ्या टेबलासमोर बसलेली असतात. जगातले सगळे अपघात 'फक्त' काहीतरी करणाऱ्या माणसांच्या हातूनच होतात, हे ध्यानात ठेवण्यासाठी कंपनी मला पगार देते. तरीही मी स्टुलावर चढलो.

दिवा बायकोच्या खोलीतला होता. खोली अजून बायकोची व्हायची होती, पण तसं ठरलं होतं. तिचे वडील घड्याळजी होते. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती चिमट्यानं चाकं उचलायला शिकली, मग पोस्टात चिकटली आणि आयुष्यभर शिक्के मारत राहिली. निवृत्त झाली त्या आठवड्यात तिनं माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. तेव्हापासून आमच्या घरात जेवण ही दुय्यम गोष्ट झाली. ती काम करत असताना मला जोरात श्वास घ्यायची बंदी होती, कारण घड्याळाचे स्क्रू उडतात. एकदा एक स्क्रू माझ्या ताटात गेला. तो सापडेपर्यंत मला चावायची परवानगी नव्हती.

"मला दागिने नकोत, प्रवास नको," ती म्हणाली. "दार असलेली एक खोली द्या आणि एक नीट दिवा. बस्स."

खोली होती. आमची ती मागची छोटी खोली, जिच्यात आपण टाकवत नाहीत अशा वस्तू ठेवून देतो. ती मी एका रविवारी रिकामी करून दिली आणि बायकोनं तिथं खिडकीशी टेबल लावलं. शेजारच्या प्रोफेसरांनी त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ तिला दुरुस्तीला आणून दिलं. ते तिचं पहिलं गिऱ्हाईक. राहिला होता तो दिवा.

त्या खोलीत वीज वाचवणारा, वळ्यावळ्यांचा, पांढरा सीएफएल होता. तो मीच लावला होता. एके काळी मी घरातले सगळे पिवळे बल्ब काढून हे दिवे लावले आणि त्यावर इमारतीच्या सभेत भाषणही ठोकलं. वीज वाचली, यात वाद नाही. फक्त बटण दाबल्यावर हा दिवा आधी परिस्थितीचा अंदाज घ्यायचा. हळूहळू त्याला आपण दिवा असल्याचं आठवायचं, तोवर आपण ज्यासाठी खोलीत आलो ते आपण विसरलेले असायचो. शिवाय हे दिवे सारखे चालू-बंद केले तर लवकर मरतात, असं मी वाचलं होतं. म्हणून थोड्या वेळासाठी खोलीबाहेर जाताना दिवा बंद करायचा नाही, असा मी नियम केला. "म्हणजे वीज वाचवायला दिवे चालू ठेवायचे," बायको म्हणाली. मी तिला त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुढची कैक वर्षं ती प्रत्येक पाहुण्याला ते शास्त्र सांगत राहिली, माझ्यासमोर.

तर मी एक उत्तम एलईडी दिवा आणला. दुकानदारानं तो लावून दाखवला तेव्हा त्याच्या काउंटरवरची धूळसुद्धा मोजता आली असती. खोका मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, स्टुलावर चढलो आणि जुना दिवा फिरवायला लागलो. तो नेहमी खालच्या प्लॅस्टिकच्या भागाला धरून काढायचा असतो, काचेला धरून नाही. हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. लोक खोक्यावरचं वाचत नाहीत, हे मी दावे नाकारताना नेहमी लिहितो. मी काचेला धरला.

आवाज फार मोठा झाला नाही. एखाद्यानं लांबून टिचकी वाजवावी इतपत. बायको झाडू घेऊन आली आणि वाकणार, इतक्यात शेजारचे प्रोफेसर दारात उभे. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण विद्यार्थी न मिळाल्यामुळे ते इमारतीवरच भागवतात.

"झाडू खाली!" ते ओरडले. "सीएफएल आहे ना तो? त्यात पारा असतो! पंखा बंद! खिडकी उघडा! सगळे बाहेर!"

आम्ही सगळे बाहेर आलो. म्हणजे मी आणि बायको. जिन्यात उभं राहिल्यावर आपल्याच घराकडे बाहेरून बघताना माणसाला फार परकं वाटतं. हवा खेळू द्यायला थोडा वेळ लागतो, असं प्रोफेसर म्हणाले आणि त्या वेळात त्यांनी पाऱ्याच्या वाफेवर सविस्तर तास घेतला. आवाज ऐकून सेक्रेटरी वर आले. हे गृहस्थ इमारतीत काहीही झालं तरी आधी जबाबदारी कुणाची नाही ते ठरवतात.

"गॅस गळतोय का?"

"पारा," प्रोफेसर म्हणाले.

"किती?"

"किती ते महत्त्वाचं नाही."

सेक्रेटरी लगेच खाली जाऊन सगळ्यांना सांगून आले. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे घातलेल्याच वर आल्या. त्यांचा दवाखाना घरातच आहे, आणि त्यांच्या खुर्चीत कुणीतरी तोंड उघडं ठेवून त्यांची वाट बघत होतं.

"एक दिवा फुटलाय?" त्यांनी विचारलं. "अहो, तुमच्या मागच्या दाढेत मी जे भरलंय ना, त्यात याच्या कितीतरी पट पारा आहे. बाहेर काढायचंच असेल तर आधी तुम्हाला काढायला हवं." बायको हसली. त्या दोघींची मैत्री तिथून सुरू झाली, हे मला फार उशिरा कळलं.

मग सफाई. प्रोफेसरांनी दारातूनच सूचना दिल्या. झाडू चालणार नाही, व्हॅक्युम तर मुळीच नाही, त्यानं सगळं हवेत उडतं. ताठ पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करायचे, उरलेला भुगा चिकटपट्टीनं टिपायचा, मग ओल्या कागदानं पुसायचं, आणि तो कागद, ती पट्टी, तो पुठ्ठा, सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं. ताठ पुठ्ठा ऐन वेळी कुठल्याच घरात सापडत नाही. शेवटी 'कर्तव्यदक्ष कर्मचारी' हे कंपनीनं मला दिलेलं प्रमाणपत्र कामी आलं. कंपनीची एकमेव गोष्ट ताठ निघाली. बरणी साखरेची होती. बायकोनं साखर पातेल्यात ओतली आणि रिकामी बरणी माझ्यापुढे ठेवली.

"आता ही बरणी कुठं टाकायची?" मी विचारलं.

"नेहमीच्या कचऱ्यात तर नाहीच," प्रोफेसर म्हणाले. "फुटून पारा मातीत, पाण्यात जातो." एवढं बोलून ते जेवायला गेले. समस्या निर्माण करून जेवायला जायचं, हीच उच्च शिक्षणाची खूण असावी.

बायकोनं सोपा मार्ग सांगितला. "अहो, सगळे टाकतातच की. एका पिशवीत घाला, गाठ मारा, टाका. आणि तो नवा दिवा लावा आधी."

"लावतो. पण हे आधी नियमानं मार्गी लागू दे," मी म्हणालो. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना कलमं वाचून दाखवली, तो गाठ मारलेली पिशवी घेऊन चोरासारखा कचरापेटीपाशी जाणार? मला माझी काही पत आहे. निदान त्या दिवशी होती.

मी नगरपालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून इतका गोड आवाज आला की मी अभावितपणे शर्टाचं बटण लावलं.

"घातक घरगुती कचरा आपल्या जवळच्या संकलन केंद्रात जमा करावा," आवाज म्हणाला.

"माझ्या जवळचं केंद्र कुठं आहे?"

"आपल्या विभागात सध्या केंद्र नाही. केंद्र सुरू होईपर्यंत कचरा घरात सुरक्षित ठेवावा. आपला दिवस आनंदात जावो."

दिवस आनंदात जाण्यासाठी मी रजा टाकून नगरपालिकेत गेलो. बरणी मांडीवर घेऊन एका लांब बाकावर बसलो. माझ्या शेजारच्या बाईंनी बरणीत डोकावून "औषध का?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून त्या दुसऱ्या बाकावर गेल्या. यथावकाश मला साहेबांसमोर नेण्यात आलं. ते भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाखाली बसले होते. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला, अगदी सीएफएलसारखा.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत. माझ्या फ्रिजचा दावा तुमच्याकडे होता."

मला आठवलं. "तो कलमात बसत नव्हता."

"अगदी बरोबर," साहेब खुशीत म्हणाले. "हासुद्धा बसत नाही. एका बरणीसाठी गाडी पाठवता येत नाही. पेटीभर माल हवा. पेटी भरा, मग या."

"पण मला फक्त एक..."

"मलाही फक्त एकच फ्रिज होता."

आता इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता, बरणी माळ्यावर ठेवून नवा दिवा लावून मोकळा झाला असता. मी घरी आलो आणि इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली. रहिवाशांनी आपापले जुने, बंद पडलेले, वीज वाचवणारे दिवे फेकून न देता माझ्याकडे आणून द्यावेत, पेटी भरताच त्यांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावली जाईल. 'शास्त्रशुद्ध' शब्दाखाली मी रेघ मारली. सूचना वाचून बायको म्हणाली, "ठेवणार कुठं?"

"थोडेच दिवस. मागच्या खोलीत. तू अजून नीट बसायला लागली नाहीयेस ना."

"दिवा लागला की बसणार होते."

"तेच म्हणतोय. हे संपलं की आधी दिवाच."

ती "बरं" म्हणाली. 'बरं' म्हणणाऱ्या बायकोइतकं धोक्याचं काही जगात नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात पेटी होती.

इमारतीला आजवर मी पाणी जपून वापरा म्हणालो, जिना स्वच्छ ठेवा म्हणालो, कुणी ढुंकून बघितलं नाही. ही हाक मात्र पहिल्याच दिवशी घराघरात पोहोचली. लोकांकडे मेलेल्या दिव्यांचा किती साठा असतो! प्रत्येकानं 'यात काहीतरी विषारी असतं' असं कधीतरी ऐकलेलं, म्हणून टाकलेला नाही, आणि कुठं द्यायचा ते ठाऊक नाही, म्हणून दिलेला नाही. कपाटाच्या मागे, पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात वर्षानुवर्षं जपून ठेवलेले ते दिवे सगळे माझ्या दारात आले. आणणारे येताना पुण्य करत असल्याचा चेहरा करून यायचे आणि जाताना हात झटकायचे.

दिव्यांपाशी लोक थांबले असते तरी मी निभावून नेलं असतं. पण 'विल्हेवाट' म्हटल्यावर माणसाचा हात सैल सुटतो. सेक्रेटरींनी ट्यूबलाइटच्या लांबलचक नळ्या आणल्या, त्या दारातून सरळ येईनात, मग तिरक्या करून आत घेताना भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. प्रोफेसरांनी कॉलेजातून निवृत्त होताना 'आठवण म्हणून' आणलेले पाऱ्याचे तापमापक आणले. "माझ्या घरात हे ठेवणं बरं नव्हे," ते म्हणाले. माझं घर त्यांना बहुधा घर वाटत नसावं. मग बॅटऱ्या आल्या. बंद पडलेले फोन आले. वरच्या मजल्यावरच्या आजींनी कानाचं यंत्र आणलं, आणि ते चालू आहे हे मी त्यांना ओरडून सांगत होतो, पण यंत्र माझ्या हातात असल्यामुळे त्यांना ऐकू येत नव्हतं.

शेजारच्या इमारतीला खबर लागली. त्यांची इमारत मोठी आहे.

त्या दिवसांत बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहायची. आधी तिचं टेबल खिडकीपासून भिंतीशी सरकलं. मग त्यावर नळ्या आडव्या झाल्या. मग ते टेबल आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक उरलं. प्रोफेसरांचं घड्याळ घेऊन ती पुन्हा जेवणाच्या टेबलावर आली होती. पण त्यातली केसासारखी स्प्रिंग तिला त्या उजेडात दिसत नव्हती. भिंग लावून, मान वाकवून ती बसायची, आणि मग भिंग काढून डोळे चोळायची.

"जमतंय का?" मी विचारायचो.

"श्वास जपून," ती म्हणायची. मग थोड्या वेळानं, "घड्याळाची चूक नाही. मला दिसत नाहीये."

मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. पण वाईट वाटणं आणि पेटी भरणं या दोन गोष्टी माझ्या हातून एकाच वेळी होत होत्या, आणि पेटी आधी भरली.

मी साहेबांकडे धावलो. विजयी मुद्रेनं. "भरली!"

"एक पेटी?"

"चार झाल्या असतील."

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकवली. त्यांना इतकं समाधान बहुधा फ्रिज चालू असतानाही मिळालं नसेल. "मग अडचण आहे. एवढा साठा घरगुती कचऱ्यात बसत नाही. परवान्याशिवाय राहत्या घरात एवढा घातक साठा करणं हा गुन्हा आहे. तुमच्या सेक्रेटरींची तशी तक्रारही आली आहे."

"सेक्रेटरींची? निम्म्या नळ्या त्यांच्या आहेत!"

"त्यांनी लिहिलंय की या साठ्याशी इमारतीचा काही संबंध नाही." त्यांनी माझ्यासमोर एक अर्ज सरकवला. "रीतसर परवानगीसाठी अर्ज करा. परवानगी मिळाली की गाडी येईल."

इथं माझ्या हातून ती चूक झाली, जी फक्त विमा कंपनीत आयुष्य घालवलेला माणूसच करू शकतो. तो अर्ज मी संपूर्ण भरला. दुसरा कुणी असता तर निम्मे रकाने मोकळे सोडले असते, 'लागू नाही' लिहिलं असतं. पण मी असे अपुरे अर्ज परत पाठवून पाठवून म्हातारा झालोय. साठ्याची खोली स्वतंत्र आहे का? आहे. खोलीला दार आहे का? आहे. खिडकी उघडते का? उघडते. फुटलेला माल झाकणाच्या बरणीत वेगळा ठेवता का? ठेवतो, वर चिठ्ठी लावून. शेजाऱ्यांचा सहभाग आहे का? भरघोस. जबाबदार व्यक्ती सुशिक्षित आहे का? या रकान्यात मी स्वतःबद्दल जरा जास्तच लिहिलं. सोबत खोलीचा नकाशा जोडला, मोजमापं आणि दिशेसकट. माझ्याकडे असा अर्ज आला असता तर मी उठून उभा राहिलो असतो.

निरीक्षक आला. वाळक्या अंगाचा, उदास माणूस. त्यानं दार उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, खिडकी उघडली, बरणी उचलून तिचं झाकण तपासलं. मग भिंतीवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यानं वर पाहिलं. छताला नुसतं होल्डर लोंबत होतं.

"दिवा?"

"आणलाय," मी म्हणालो. "बसवायचा राहिलाय."

बायको दारात उभी होती. निरीक्षकानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहायचं पेन खिशात ठेवलं. "हे नाही लिहीत," तो हळूच म्हणाला. त्याचंही लग्न झालेलं असावं.

पुढच्या आठवड्यात मंजुरी आली. ती उघडून मी दोनदा वाचली. नगरपालिकेनं माझा साठा उचलायला मंजुरी दिली नव्हती. माझ्या आदर्श अर्जाचं कौतुक करून तिनं माझ्या घराला त्या विभागाचं अधिकृत घातक कचरा संकलन केंद्र म्हणून मान्यता दिली होती. खाली साहेबांची सही, आणि सहीखाली हातानं लिहिलेली ओळ: 'आपला दावा पूर्णपणे कलमात बसला, अभिनंदन.' सोबत दारावर लावायची पाटी. पाटी लावायला माणूसही आला. हे एकमेव काम नगरपालिकेनं वेळेवर केलं.

पण एक कबूल करायला हवं, केंद्र झाल्यावर गाडी खरंच आली. हातमोजे घातलेली माणसं वर चढली आणि पाहता पाहता मागची खोली रिकामी झाली. नळ्या गेल्या, तापमापक गेले, आजींचं यंत्र त्यांनी आधीच परत नेलं होतं, साखरेची बरणीसुद्धा गेली. टेबल पुन्हा दिसायला लागलं. मी ते पुसलं, खिडकीशी ओढलं आणि बायकोला हाक मारली.

"ये! घे तुझी खोली!"

ती पत्र्याची पेटी काखेत घेऊनच आली. मला वाटतं, ती सगळे दिवस तशी तयारच होती. आत आली, टेबलावरून हात फिरवला आणि बटण दाबलं.

"लावतो, लावतो!" मी स्टूल ओढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर हात घातला. कट्टा स्वच्छ होता. नगरपालिकेच्या माणसांनी काम इतकं चोख केलं होतं की नवाकोरा, खोक्यातला, एकदाही न लागलेला एलईडी दिवासुद्धा ते घातक कचरा म्हणून घेऊन गेले होते.

बायको क्षणभर रिकाम्या होल्डरकडे पाहत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे," ती म्हणाली आणि पेटी घेऊन बाहेर गेली.

मी तसाच चपला घालून दुकानाकडे पळालो. दुकानदारानं तसलाच दिवा काढून दिला आणि वर एक गच्च भरलेली पिशवीही दिली. "तुमचीच वाट बघत होतो. गिऱ्हाइकांचे जुने दिवे आहेत. केंद्र तुमचंच ना?" परत आलो तर दारात रांग. पाटीची बातमी दूरवर गेली होती. मी दार उघडलं, लोक आत शिरले, सवयीनं मागच्या खोलीकडे वळले आणि माझ्या डोळ्यांदेखत टेबल पुन्हा दिसेनासं झालं. रांग संपल्यावर घर शांत झालं. बायको नव्हती. तिची पेटी नव्हती.

मी हेल्पलाइनला फोन लावला. तोच गोड आवाज.

"मला एक केंद्र बंद करायचंय," मी म्हणालो.

"जरूर. केंद्र बंद करण्यापूर्वी तिथला सर्व साठा जवळच्या दुसऱ्या केंद्रात जमा करावा."

"जवळचं दुसरं केंद्र कुठलं?"

तिनं पत्ता वाचला. रस्ता, इमारत, मजला. मी पाटीकडे पाहिलं. पत्ता तोच होता, माझाच.

"काही सूचनाही आहेत," ती पुढे म्हणाली. "रविवारी दुपारी जोरात बेल वाजवू नये, केंद्रप्रमुख झोपतात. आणि घड्याळ दुरुस्तीसाठी या पत्त्यावर येऊ नये. त्या बाई आता पहिल्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात बसतात."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"केंद्रातूनच एका बाईंचा फोन होता. फार छान बोलल्या. आपला दिवस आनंदात जावो."

नवा दिवा हातात घेऊन मी खाली उतरलो. दवाखान्याच्या काचेच्या दारातून आत पाहिलं. दुपारी डॉक्टरीणबाईंकडे कुणी येत नाही. खुर्ची आडवी होती आणि तिच्यावरच्या फळीवर पत्र्याची पेटी उघडी होती. वर दातांचा तो मोठा, गोल दिवा. त्याच्या प्रकाशात बायको बसली होती, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. तिची मान वाकलेली नव्हती. इतक्या दिवसांत मी तिला जेवणाच्या टेबलाशी डोळे चोळताना पाहत होतो, पण ती नेमकं काय मागत होती ते मला त्या काचेतून कळलं. मला तिच्यासाठी आनंद झाला आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. मी दार ढकलून आत गेलो. प्रोफेसरांचं घड्याळ टिकटिकत होतं.

"श्वास जपून," ती वर न बघता म्हणाली.

मी श्वास धरून उभा राहिलो. मग हळूच म्हणालो, "दिवा आणलाय."

"बाहेर टोपली ठेवलीय. त्यात टाका. संध्याकाळी वर येताना घेऊन येते."

"अगं, नवा आहे! तुझ्या खोलीसाठी."

तिनं भिंग काढलं. दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रागावलेली नव्हती. ती मजेत होती, आणि मला ते जास्त लागलं.

"मग लावा की," ती म्हणाली. "तुम्हालाच लागेल. तिथं आता तुम्हीच बसणार."

मी वर आलो. नळ्या ओलांडून खोलीच्या मधोमध स्टूल ठेवलं, वर चढलो, दिवा खालच्या बाजूला धरून नीट फिरवला आणि उतरून बटण दाबलं. एका क्षणात लागला. अंदाज नाही, आढेवेढे नाहीत. खोलीतला प्रत्येक मेलेला दिवा वेगळा दिसत होता, त्याच्यावरची धूळसुद्धा मोजता आली असती. प्रकाश खरोखर उत्तम आहे. ऑफिसातून आलो की मी तिथं रोज बसतो, आणि बेल वाजली की उठतो.